नट नसलेला बोल्ट

आमच्या निगडीत ‘बोल्ट’ हा शब्द उच्चारला की ऐकणारा मनातल्या मनात ‘नट’ जोडून मोकळा होतो. त्यात त्याची काही चूक नाही. एका अंगाला आकुर्डी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला तळवडे आणि पुढे चाकण. या पट्ट्यात पहिल्या पाळीला निघणारी माणसं टर्नर, फिटर नाहीतर ग्राइंडर असतात. माझा धाकटा भाऊही तीस वर्षं लेथवर उभा आहे. मी कवितेत मात्रा मोजतो, तो लोखंडात मायक्रॉन मोजतो. त्याची मोजणी माझ्यापेक्षा कितीतरी चोख.

पण आज मी ज्या बोल्टविषयी बोलणार आहे, त्याला नट नसतो. तो असतो रायफलीचा बोल्ट.

झालं असं. एका रविवारी सकाळी मी भावाकडे गेलो, तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर पोलादाचा एक लांबट, गोल तुकडा, बाजूला बारीक कानस आणि पॉलिश पेपर. भावाची मुलगी बालेवाडीच्या रेंजवर नेमबाजीचा सराव करते. तिच्या रायफलीचा हा बोल्ट. रायफल जुनी, दुसऱ्या हाताची, पण रीतसर परवान्यावर घेतलेली. बोल्ट उचलताना जड जातो, अशी तिची तक्रार होती. भाऊ म्हणाला, “अर्ध्या तासाचं काम. जरा घासतो, दांडी थोडी लांब करतो.” मीही मान डोलावली. म्हटलं, “तुझ्या हाताला कोण नाव ठेवील?”

तेवढ्यात मुलगी आंघोळ करून आली आणि टेबल पाहून जागच्या जागी थबकली. “अब्बा, हात नका लावू त्याला.”

मग तिनं आम्हा दोघा भावांना समोर बसवून बोल्ट समजावून सांगितला. पुढे मीही थोडं वाचलं. ते सगळं सोप्या शब्दांत सांगतो.

बोल्ट म्हणजे दाराची कडीच समजा. ही नुसती उपमा नाही. प्रशियाच्या सैन्यानं 1841 साली ज्या ड्रायझेची बोल्टची बंदूक स्वीकारली, तो कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा होता. कडी उचलायची, मागे ओढायची, दार उघडतं. पुढे ढकलायची, खाली पाडायची, दार बंद. रायफलीत दार बंद होतं ते काडतुसाच्या पाठीमागे. बोल्टच्या अंगावर ‘लग’ म्हणजे घट्ट दात असतात. दांडी खाली पाडली की ते खाचेत बसतात. बोल्टच्या पोटात स्प्रिंग आणि फायरिंग पिन असते. घोडा ओढला की पिन सुटते आणि काडतुसाच्या कडेवर आपटते. गोळी गेल्यावर बोल्ट मागे ओढला की त्याच्या तोंडाशी असलेली आकडी रिकामी पुंगळी बाहेर खेचते. हे सगळं त्या एका तुकड्यात.

50 मीटरच्या स्पर्धेतली रायफल .22 ची, म्हणजे 5.6 मिलिमीटरची असते. गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास. पण काडतूस पेटतं त्या क्षणी आत जो दाब तयार होतो, तो मोटारीच्या चाकातल्या हवेच्या शेकडो पट असतो. त्या दाबासमोर आणि नेमबाजाच्या गालासमोर उभा असतो तो हा बोल्ट.

आता घरी कानस चालवली तर काय होतं? पहिली गोष्ट भावानं स्वतःच ओळखली. तो म्हणाला, “हे केस हार्डनिंग केलेलं दिसतंय.” म्हणजे पोलादाची वरची पातळ साय तेवढी कडक, आत नरम. साय घासली गेली की आतलं नरम पोलाद झिजायला लागतं. दुसरं, दोन्ही दात सारखेच टेकले पाहिजेत. एक जरा जास्त घासला गेला, तर सगळा भार दुसऱ्यावर. तिसरं, बोल्ट आणि नळी यांच्यामधली काडतुसाची जागा ठरलेली असते. ती वाढली तर पुंगळी मागून फाटू शकते आणि गरम वायू चेहऱ्याकडे येतो. चौथं, बोल्ट उचलायला जो जोर लागतो, त्यातला बराचसा स्प्रिंग ताणण्यासाठीच असतो. ती हलकी केली तर पिनचा ठोका दुबळा होतो. कधी काडतूस पेटत नाही, कधी किंचित उशिरा पेटतं.

आणि त्या ‘किंचित’वरच सगळा खेळ आहे. 50 मीटरवरचा दहाचा वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचा. आपल्या करंगळीच्या नखाएवढा. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत प्राथमिक फेरीच्या 60 गोळ्या. प्रत्येक गोळीला बोल्ट उघडायचा, मिटायचा, आणि तरी शरीराची बैठक हलू द्यायची नाही. याच प्रकारात 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांसह ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या. मग आमच्या मुलीला बोल्टची एवढी काळजी का, हे मला कळलं.

शेवटी ती म्हणाली, “आणि अब्बा, हा गुन्हाही आहे.” 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदूक बनवणंच नव्हे, तर परवान्याशिवाय तिची दुरुस्ती करणं, तिच्यात फेरफार करणंही चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्या. रायफल बाळगण्याचा परवाना वेगळा, ती दुरुस्त करण्याचा वेगळा.

खोली शांत झाली. खरं सांगू? माझ्या मनात तेव्हा एक जुनी भीती चमकून गेली. आमच्या नावाच्या घरात टेबलावर रायफलीचा सुटा भाग, शेजारी कानस. कुणी पाहिलं असतं तर कवितेची चोपडी दाखवून मी काय समजावणार होतो? भावाच्या चेहऱ्यावरही तेच दिसलं. मुलगी मात्र सहज म्हणाली, “बडे अब्बा, आडनाव काहीही असो, कलम तेच लागतं.” तिचा हा विश्वास मला माझ्या भीतीपेक्षा मोलाचा वाटला.

भावानं कानस पेटीत ठेवली. त्याला वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. ज्या हातानं आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालती ठेवली, त्याच हाताला लेकीच्या यंत्रावर मनाई. दोन दिवसांनी तिनं बोल्ट बसवून रायफल परवानाधारक कारागिराकडे नेली. त्यानं बोल्ट खोलला आणि हसला. आत जुनं तेल सुकून चिकट राळ झाली होती. त्यानं ती साफ केली, तेलाचं बोट फिरवलं, बस्स. बोल्ट लोण्यासारखा उचलायला लागला. कानशीची गरजच नव्हती.

पुढच्या रविवारी भावानं मुलीच्या हातात एक वस्तू ठेवली. नायलॉनचा ठोकळा, त्यात सहा ओळींत दहा-दहा भोकं, साठ काडतुसं उभी ठेवण्यासाठी. प्रत्येक भोकाची कड इतकी गुळगुळीत की बोट अडत नाही. गोळ्या मोजाव्या लागत नाहीत. रिकाम्या भोकांवरूनच किती झाल्या ते कळतं. त्याला कुठला परवाना लागत नाही.

आता रेंजवर तिची प्रत्येक गोळी आधी बापाच्या हातातून जाते, मग बोल्टपुढे बसते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)