वहिनींचें पान

आमच्या थोरल्या वहिनींना गेल्या महिन्यांत पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालीं. एकत्र कुटुंब म्हटलें म्हणजे अशा प्रसंगीं घरांत पुरणाचा बेत ठरलेलाच. सकाळपासून शिजविणें, वाटणें, लाटणें. मग पुरुषांची व मुलांची पहिली पंगत, नंतर बायकांची, आणि त्यांतहि सर्वांच्या शेवटीं, जिच्यासाठीं हा सारा थाट ती उत्सवमूर्ति! आमच्याकडे आजवर असेंच चालत आलें, व त्यांत कांहीं वावगें आहे असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

या खेपेस धाकट्या सूनबाईनें हा क्रम मोडला. ती म्हणाली, "मामंजी, मोठ्या सासूबाईंचा वाढदिवस, आणि त्यांनींच दिवसभर ओट्यापुढें उभें राहायचें? रात्रीं आपण सगळींच कोपऱ्यावरच्या खाणावळींत जेवायला जाऊं." आम्ही चपापलों. मंगलप्रसंग घरचा आणि अन्न विकतचें? प्रश्न अगदीं ओठांवर आला होता.

हा प्रश्न कांहीं आमच्या एकट्याचा नव्हे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. त्या मंडळींत लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलीं, आणि तेवढ्यावरून शंकराचार्यांपर्यंत वाद जाऊन शेवटीं रानड्यांसारख्यांनाहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. पुढें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं माणसें घरदार सोडून शहरांत आलीं, आणि बाहेरचें जेवण हा धर्माचा प्रश्न न राहतां पोटाचा झाला. मूकपटांच्या काळांतील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं १९३५ सालीं पुण्यांत पूना गेस्ट हाऊस काढलें. मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें. जें अन्न आपण 'विकतचें' म्हणून नाक मुरडतों, त्याच्याहि मागें पुष्कळदां कोणा गृहिणीचेच हात असतात. हा सर्व इतिहास आम्हांस ठाऊक होता. म्हणून ओठांवरचा प्रश्न आम्हीं गिळला व टोपी घातली.

कोपऱ्यावरची ही खाणावळ अगदीं घरगुती. सातआठ मेजें, भिंतीवर गणपतीची तसबीर, दाराशीं फळ्यावर खडूनें लिहिलेला दिवसाचा बेत. आंत मालकांच्या सौभाग्यवती स्वयंपाक पाहतात, बाहेर मालक वाढतात. त्यांनीं तीन मेजें जोडून आम्हां अकरा जणांची सोय केली आणि वहिनींच्या ताटाभोंवतीं, कोणीं न सांगतां, रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या. मग त्यांनीं विचारलें, "आजी, तुमच्या आवडीचें काय आणूं?"

वहिनींनीं बंधूंकडे पाहिलें, बंधूंनीं आमच्याकडे, आम्हीं सूनबाईकडे. कोणासच उत्तर देतां येईना! बंधु उगाच चष्मा पुसूं लागले. धाकट्या नातवास वांगें चालत नाहीं, आम्हांस आमटींत गूळ अंमळ अधिक लागतो, बंधूंना रात्रीं ताक सोसत नाहीं, हें सारें वहिनींना पन्नास वर्षें पाठ. पण वहिनींना काय आवडतें हें आम्हां दहा जणांपैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें.

अखेर त्या स्वतःच हलक्या आवाजांत म्हणाल्या, "अळूची भाजी असली तर द्या. पंगतींत ती आधीं संपते हो."

सुदैवानें त्या दिवशीं फळ्यावर अळूची भाजी होती. वहिनींनीं ती तीनदां घेतली. मात्र पोळ्यांची टोपली येतांना दिसली कीं त्यांचा हात पदर खोंचायला जाई व त्या अर्ध्या उठत. शेजारीं बसलेली नात त्यांचा हात धरून त्यांना पुन्हां खालीं बसवी.

आम्हीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविलें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरचा भोजनक्रम सांगितला आहे. नवविवाहिता, कुमारी, रोगी व गर्भवती यांना अतिथींच्याहि आधीं वाढावें. आणि अतिथि व सेवकवर्ग जेवल्यावर उरलेलें अन्न दंपतीनें खावें. दंपतीनें, म्हणजे दोघांनीं! तेथें क्रियापदहि द्विवचनीच आहे. द्विवचन म्हणजे काय हें फळ्यावर लिहून देतां देतां आमचे केस पिकले. घरीं मात्र आम्हीं त्याचें एकवचन केलें व तें बायकांच्या वांट्यास दिलें. त्या रात्रीं समोरचा घांस आम्हांस जरा जड गेला, हें कबूल करावयास संकोच कशाला?

परततांना आम्हीं वहिनींना जेवण कसें वाटलें म्हणून विचारलें. त्या म्हणाल्या, "मीठ अंमळ कमी होतें, भाऊजी. पण सगळें गरम होतें."

रोज उठून खाणावळ गांठावी असें आमचें म्हणणें नाहीं. संसारी माणसाच्या खिशास तें पेलणारहि नाहीं. पण त्या दिवसापासून आमच्या घरीं रविवारीं जिनें रांधलें तिचें पान पहिलें, असा नियम झाला आहे. वाढपी आम्ही व बंधु. पहिल्याच रविवारीं आमटी सांडली, मुलें हंसलीं. परंतु वहिनी बसून राहिल्या, हें विशेष.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईस काय आवडतें, हें आजच विचारून पाहावें. आमच्या घरीं तें विचारावयास पन्नास वर्षें लागलीं, आणि विचारलें तेंहि परक्यानें.