हायब्रिड सेडान: प्लग नाही, मग चार्ज कशी होते?

टोयोटा कॅमरी हायब्रिडचं स्टार्ट बटण दाबलं, तरी बऱ्याचदा इंजिनाचा आवाज येत नाही. मीटरवर ‘रेडी’ दिसलं की समजायचं, गाडी सुरू आहे.

तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेला अणुऊर्जा प्रकल्प शेजारी असला, तरी ती वीज इथे कामाची नाही. गाडीला प्लगच नाही. बॅटरी भरतं २.५ लिटरचं पेट्रोल इंजिन. शिवाय ब्रेक मारताना मोटर जनरेटर बनते.

म्हणूनच तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटतानाच्या गर्दीत इंजिन बराच वेळ बंद राहतं, पेट्रोल वाचतं. पालघरहून मनोरमार्गे अहमदाबाद हायवेला लागून एकसारखा वेग धरला, की हा फायदा घटतो.

तुमचं रनिंग बहुतेक हायवेचंच असेल, तर फक्त मायलेजसाठी हायब्रिडचे जास्तीचे पैसे मोजू नका.