पाहुण्यांची खोली, मधल्या दिवसांत

चाळीतील एका खोलीतून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे कर्ज काढून दोन-तीन खोल्यांच्या घरात आली. त्यातली एक खोली 'पाहुण्यांची' म्हणून राखलेली असते. पाहुणे येतात मे महिन्यात, लग्नसराईत, नाहीतर कोणाला शहरातल्या दवाखान्यात दाखवायचे असते तेव्हा. मुंबईकरांकडे ६ डिसेंबरच्या आसपास घर भरते ते वेगळेच. एरवी खोलीला कडी आणि पलंगावर चादर ताणलेली. आणि दहावीची मुलगी मात्र कुकरच्या शिट्ट्या ऐकत स्वयंपाकघरात भूमितीची प्रमेये पाठ करते. हे आम्हांला पटत नाही.

"आलागेला काय म्हणेल?" असे घरातील वडीलधारी विचारतात. परळच्या डबक चाळीत रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि स्वतः झोपत. खोलीत दोघांना झोपायला जागाच नव्हती. एकच जागा वेळ वाटून वापरायची, हे आपल्याला नवीन नाही.

तेव्हा ती खोली मुलांच्या अभ्यासाला द्यावी. मोठा पलंग असेल तर तो काढून घडीची खाट किंवा खाली खण असलेला दिवाण घ्यावा. पाहुण्यांच्या गाद्या, उशा, रजया त्या खणात मावतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला कपड्यात बांधून त्यात ठेवावा. टेबल खिडकीजवळ असावे, आणि मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. टेबलाची उंची साधारण ३० इंच पुरते. घडीचे टेबल घेतले तर पाहुणे आल्यावर भिंतीला लावता येते.

शिलाई मशीनही याच खोलीत ठेवायचे असेल तर वेळ ठरवून घ्यावी. मुले शाळेत असताना मशीन, संध्याकाळी पुस्तक. दोन्ही एकदम चालत नाहीत, मग भांडण आईचे आणि लेकीचे.

वापरती खोली चांगलीही राहते. बंद खोलीला पावसाळ्यात कुबट वास येतो, गादीला बुरशी धरते. खिडकी रोज उघडावी, पाऊस उघडला की गाद्यांना ऊन दाखवावे. खोलीला जोडून न्हाणीघर असेल तर आठवड्याला एकदा तिथल्या जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटले की गटाराचा वास आणि झुरळे वर येतात. पण बादलीत पाणी साठवून ठेवू नये. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

राहिला प्रश्न परीक्षेत पाहुणे आले तर. आम्ही म्हणतो, खाट बाहेरच्या खोलीत टाकावी आणि पाहुण्यांना मोकळेपणाने सांगावे, "मामा, पोरीचा पेपर आहे, तुमची गादी इथे घालते." गावचा माणूस यात अपमान मानत नाही. उलट पहाटे तोच पोरीला हाक मारून उठवतो.