खुनी कोण ते कळल्यावर

"रहस्यपट दुसऱ्यांदा कशाला बघायचा? खुनी कोण ते कळलंय की!" असं कुणी म्हटलं की माझी मावशी उत्तर द्यायची, "पहिल्यांदा जीव त्या खुन्यात अडकलेला असतो, माणसं बघायची राहूनच जातात." मावशी शिवणक्लास चालवायची. तिच्या शेजारी बसून मी हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) दुसऱ्यांदा पाहिला आणि तो सिनेमा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला.

पाय प्लास्टरमध्ये असलेला एक वृत्तछायाचित्रकार खिडकीशी बसून समोरची बिऱ्हाडं न्याहाळतो आणि त्यातल्या एका घरात खून झाल्याचा संशय त्याला छळू लागतो, एवढीच गोष्ट. ते अंगण, जिने, ३१ बिऱ्हाडं असं सगळं हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत उभारलेलं होतं. पण मावशीचं लक्ष नायकाच्या प्रेयसीवर, लिझावर, म्हणजे ग्रेस केलीवर होतं. पहिल्याच प्रवेशात ती वर काळा, अंगाबरोबर बसलेला ब्लाउज आणि खाली पांढराशुभ्र, घेरदार स्कर्ट घालून येते. स्कर्टवर कमरेपासून उतरलेल्या काळ्या फांद्यांचं भरतकाम. त्या साध्या, अडगळीच्या खोलीत ती एखाद्या झुंबरासारखी दिसते, आणि नायकाची अडचण नेमकी तीच आहे. एका बॅगेवर जगभर वणवण करणाऱ्या माणसाबरोबर ही नाजूक बाई कशी निभावणार?

लिझा त्याला शब्दांनी पटवत बसत नाही. एका रात्री ती फिकट हिरव्या सुटात येते. "अगं, बघ बघ," मावशी म्हणाली, "जाकीट उतरवलं की आत बिनबाह्यांचा पांढरा ब्लाउज. एकाच जोडीत दिवसाचं काम भागलं आणि संध्याकाळचंही." मग लिझा हातातली छोटीशी काळी पेटी उघडते. आत मुक्कामापुरता गाऊन आणि सपाता. माझी बॅग तुझ्यापेक्षाही लहान आहे, हे तिनं दाखवून दिलेलं असतं. शेवटच्या दृश्यात ती लाल शर्ट आणि जीन्स घालून हिमालयावरचं पुस्तक वाचत पडलेली दिसते. नायकाचा डोळा लागल्याची खात्री झाली की पुस्तक बाजूला ठेवून हळूच फॅशनचं मासिक उघडते! दोघांच्या नात्याचा सगळा हिशेब या चार कपड्यांत आहे. ते कपडे एडिथ हेड यांचे. वेशभूषेची आठ ऑस्कर त्यांच्या नावावर आहेत.

त्याच वर्षीच्या 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये हिचकॉकनं रंगांना कामाला लावलं. सुरुवातीला ग्रेस केलीच्या अंगावर भडक लाल पोशाख आहे. तिच्यावरचं संकट गडद होत जातं तसे कपड्यांतले रंग विझत जातात. मध्यरात्री फोन घ्यायला उठण्याच्या दृश्यासाठी हिचकॉकला भारी मखमली झगा हवा होता. केली म्हणाली, घरात एकटी असलेली बाई फोन घ्यायला झगा चढवून येणार नाही, अंगावर असेल त्या गाऊनवरच उठेल. हिचकॉकनं ऐकलं. दृश्य पाहा म्हणजे कळेल, त्या पातळ गाऊनमुळेच ती इतकी एकटी आणि असहाय वाटते.

विनोदी चित्रपटांत नटवेपणा नुसता मजेसाठी असतो, असा आपला समज असतो. स्टॅन्ली डोनन यांचा 'फनी फेस' (१९५७) बघून तो पुसून टाकावा. फॅशन मासिकाच्या जगात घडणाऱ्या या संगीतिकेला रिचर्ड अ‍ॅव्हेडन हे खरोखरीचे नामांकित फॅशन छायाचित्रकार दृश्य सल्लागार होते आणि ऑड्री हेपबर्नचे पॅरिसचे पोशाख फॅशन डिझायनर जिव्हाँशींचे होते. तरी मला त्यातला सर्वांत मोलाचा कपडा वाटतो तो पांढऱ्या मोज्यांचा जोड. पॅरिसच्या अंधाऱ्या तळघरात हेपबर्न काळा स्वेटर आणि काळी पँट घालून नाचते. डोनन यांनी पांढरे मोजे घालायला सांगितले. ती रडकुंडीला आली, कारण सगळ्या काळ्यात ते पांढरे ठिपके तिला खटकत होते. डोनन यांचं म्हणणं साधं होतं: मोजे नसतील तर तुझी पावलं पार्श्वभूमीत विरून जातील आणि नाच दिसणारच नाही. चित्रपट पाहिल्यावर तुमचंच बरोबर होतं, असं तिनं त्यांना लिहून कळवलं. नजर त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांमागे धावते आणि नाच मनात राहतो. याला मी शैली म्हणते.

खून आणि विनोद एकाच ताटात हवे असतील तर डोनन यांचाच 'शॅरेड' (१९६३) आहे. कॅरी ग्रँट, हेपबर्न, पुन्हा जिव्हाँशी. त्याबद्दल अधिक सांगणं म्हणजे तुमची गंमत हिरावणं. आणि नुसता डामडौल हवा असेल तर 'डेथ ऑन द नाइल' (१९७८), ज्याच्या वेशभूषेसाठी अँथनी पॉवेल यांना ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे ही नजर कोल्हापूरच्या एका चित्रकाराच्या मुलीकडे होती. भानू राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथैया, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागल्या आणि मग चित्रपटात आल्या. 'सी.आय.डी.' या १९५६ सालच्या खुनाच्या गोष्टीचे कपडे त्यांचे. कृष्णधवल पडद्यावर रंगाचा आधार नसतो. तिथं कापडाचा पोत, चमक आणि पडणारी चुणी यांनीच माणूस उभा करावा लागतो. भानूंनी कपडे केलेल्या 'वक्त'मध्येही (१९६५) खून आहे, कोर्ट आहे, पण लोकांच्या लक्षात राहिली ती साधनाची अंगाबरोबर बसणारी चुडीदार-कमीज. पुढे 'गांधी'साठी त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांचं नाव आपण ऑस्करपुरतंच घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पडद्यावरचं त्यांचं काम बघायला हवं.

यंदाच्या सुट्टीत यातला एखादा चित्रपट निवडा. पहिल्यांदा खुशाल खुनी शोधा. दुसऱ्यांदा बघताना दहा मिनिटं आवाज बंद ठेवा आणि कोण काय घालून खोलीत येतं एवढंच पाहा. घरात शिवणकाम जाणणारं कुणी असेल तर त्यांना आवर्जून शेजारी बसवा. फक्त खुन्याचं नाव त्यांना आधी सांगू नका.