हॉल आधी बांधायचा की विद्यार्थी आधी जमवायचे?

श्रीरामपूरच्या कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत एक ताई वही घेऊन माझ्याकडे आल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्या गाणं आणि हार्मोनियम शिकवतात. वहीत कलाकेंद्राचा नकाशा काढलेला. शंभर खुर्च्यांचा पत्र्याचा हॉल, मागे गायन, तबला आणि कथकचे वर्ग, बाजूला बाहेरगावच्या कलाकारांना मुक्कामाला दोन खोल्या. प्लॉट सासऱ्यांचा, बांधकामाला १८ लाखांचं कर्ज. "सर, घेऊ का कर्ज?" एवढंच त्यांचं म्हणणं.

व्हिडिओत मी हप्त्याचं गणित सांगितलं, पण त्यांना जी गोष्ट सांगितली ती वेळेअभावी राहून गेली. ती इथे लिहितो, कारण हाच प्रश्न आपल्याकडच्या एका फार मोठ्या माणसासमोर शंभर वर्षांपूर्वी उभा होता.

विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यांच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्या काळी गवयाचं पोट संस्थानिकाच्या मर्जीवर चालायचं. म्हणजे आपल्या भाषेत, एकच गिऱ्हाईक! ते रुसलं की धंदा बंद. पलुस्करांनी हे मोडलं. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गवयांत त्यांचं नाव येतं. आणि ५ मे १९०१ ला, आपल्या मुलखापासून कुठल्या कुठे, लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर चालणारी संगीताची शाळा. मराठी माणूस पंजाबात जाऊन गाणं शिकवतोय, तिथली मुलं आणि इथून गेलेले शिष्य एकत्र बसतायत. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आता धंद्याच्या नजरेने बघा. फी हा एकच मार्ग त्यांनी ठेवला नव्हता. मैफली होत्या, देणग्या होत्या, स्वतःचा छापखाना होता, त्यात गाण्याची पुस्तकं छापली जायची, वाद्यं तयार आणि दुरुस्त करायची सोयही होती. ज्या मुलाला गाणं शिकवायचं त्यालाच पुस्तक लागणार, त्याचाच तंबोरा बिघडणार. मला हे फार आवडतं. कलाकाराला हिशोब कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

शिवाय एक उपदेशक वर्ग होता. यातल्या मुलांना राहणं-जेवण फुकट, अट एवढीच की पुढे त्यांनी शिकवायचं. वरवर पाहता हा नुसता खर्च. कुठलाही बँक मॅनेजर म्हणाला असता, हे आधी बंद करा.

१९०८ ला मुंबईत शाळा सुरू झाली आणि चांगली चालली. मग शाळेची आणि वसतिगृहाची स्वतःची इमारत हवी म्हणून पलुस्करांनी कर्ज काढलं. ते फेडायला गावोगाव मैफली. म्हणजे ज्याच्या नावावर विद्यार्थी येत होते तोच माणूस हप्त्यासाठी दौऱ्यावर. १९२४ मध्ये ते असेच बाहेर असताना सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली, इमारतीचा लिलाव झाला. देशभर नाव असलेल्या माणसाची वास्तू गेली. १९३१ मध्ये मिरजेला ते वारले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती.

त्याच १९३१ च्या अखेरीला शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रा. बा. र. देवधरांनी तर १९२५ लाच मुंबईत आपली शाळा काढली होती, जिथे पुढे कुमार गंधर्व शिकले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आणि आज? तुमच्या गल्लीतली मुलगी 'प्रारंभिक'ला बसते, मग 'प्रवेशिका', 'मध्यमा', 'विशारद' असं चढत जाते, ती याच मंडळाच्या परीक्षांची शिडी. बँकेला जो खर्च दिसला असता, त्यातूनच संस्था उरली. तारण ठेवता आली ती इमारत मात्र गेली.

ताईंना मी विचारलं, "विद्यार्थी किती?" म्हणाल्या, "२२." त्यावर आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. समजा २२ चे ४० झाले, फी महिन्याला ६००. जमा २४,०००. आणि १८ लाखांचं कर्ज, १० वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता जवळपास २४,८००. म्हणजे तबल्याच्या सरांचे पैसे, वीजबिल आणि ताईंची स्वतःची मेहनत, सगळं पदरचं. त्यात मे महिन्यात वर्ग रिकामे, आणि दहावीचं वर्ष आलं की पालक आधी गाणंच बंद करतात. हप्ता मात्र मे महिना बघत नाही.

हॉल हवाच, पण तो रोज लागतो का? महिन्यातून एका संध्याकाळी लागतो. तेवढ्यासाठी शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल भाड्याने घ्या, तोही लग्नाची तिथी नसलेला दिवस बघून, म्हणजे भाव करता येतो. मुलांचं गाणं ठेवलं की आई-बाबा, आजी-आजोबा येतातच, ते तुमचे पहिले तिकीटवाले. त्यांच्यासमोर एका बाहेरच्या कलाकाराला बसवा. येण्याजाण्याची अडचण नाही, दौंड-मनमाड लाईनवर आपण आहोत. फक्त पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की स्टेशनचं नाव 'बेलापूर' आहे, नाहीतर तो नवी मुंबईचं तिकीट काढायचा! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कलाकाराकडून दोन तासांची कार्यशाळा घ्या, वेगळी फी लावून. प्रवासखर्च एकदा, उत्पन्न दोनदा.

दहावीला वाढीव कला गुण मिळतात, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसतं. त्यासाठी ठरावीक परीक्षा पास व्हाव्या लागतात. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा शाळेत ताजा शासन निर्णय विचारून घ्या आणि मग पालकांची एक बैठक बोलवा. गाणं सोडायच्या वयात मूल टिकवायला याच्याइतका उपयोगी मुद्दा माझ्या पाहण्यात नाही. कागदपत्रांचं थोडक्यात: नाटक करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे, शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनालाही आहे. तरी एकदा सीएला दाखवा.

आणि २२ जणांतली जी दोन मुलं पुढे दिसतायत त्यांची फी माफ करा, त्यांच्याकडून लहान मुलांचा वर्ग घ्या. ताईंना हे पटेना. "सर, आधीच पैसे कमी, त्यात फी माफ?" मी म्हटलं, तुम्ही आजारी पडलात तर वर्ग कोण घेणार? त्या गप्प झाल्या. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे वर्ग बंद होता आणि पाच मुलं तेव्हाच गेली, हे त्यांनी नंतर सांगितलं.

"मग हा नकाशा फाडू का?"

"फाडू नका. ८० विद्यार्थी आणि सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम बँकेत झाली की मला परत दाखवा."

त्यांनी वही मिटली आणि तिथूनच फोन लावला. तबल्याच्या सरांना रविवारी सकाळी जमेल का विचारायला.