गच्चीवरची वीज : कोणते काम आपले?

शहरात काय किंवा खेड्यात काय, घरांच्या गच्च्यांवर निळसर-काळी सौर पॅनेले आता सर्रास दिसतात. पॅनेले बाजारात मिळतात, तारा मिळतात. मग कंत्राटदार कशाला? आपणच ती बसवली तर? विचार चांगला आहे. मात्र आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ या : अवघड काम आणि धोक्याचे काम एकच नव्हे.

प्रथम डोके चालवावे लागणारे, पण निर्धोक काम पाहू. घराला वीज किती लागते? ७५ वॅटचा पंखा १२ तास फिरला, की ९०० वॅट-तास. १० वॅटचे पाच दिवे सहा तास लागले, की ३०० वॅट-तास. १,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. अशी बेरीज करून ती बिलाशी ताडून पाहा. एक किलोवॅटची पॅनेले आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतात. आता किती पॅनेले हवीत, ते तुम्हीच काढा.

मग सावली. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा ९० सेंटिमीटर पडते. सकाळी व संध्याकाळी त्याहून पुष्कळ लांब. पॅनेलमधील घट एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. त्यामुळे थोड्या घटांवर सावली आली, तरी वीज बरीच घटते. म्हणून गच्चीवर सावल्या खडूने आखून ठेवा.

आता जोडणी. हे काम दिसते सोपे : दोन टोके एकमेकांत खटकन बसतात. पण ५४० वॅटच्या एका पॅनेलच्या टोकांत सुमारे ५० व्होल्ट दाब असतो. अशी सहा एकापुढे एक जोडली, की ३०० व्होल्ट! घरातला ए.सी. प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे खटका बंद करताना उडालेली ठिणगी विझायला मदत होते. पॅनेलचा डी.सी. प्रवाह असा शून्यावर येत नाही. जोड सैल राहिला, तर ठिणगी पेटतीच राहून आग लागू शकते. आणि ऊन असेतो पॅनेल काही बंद करता येत नाही.

दुसरा धोका परक्याच्या जिवाला. बाहेरची वीज बंद करून लाइनमन खांबावर चढला आहे, आणि तुमच्या घरातून वीज उलट तारांत शिरली, तर? दाब उतरवणारे रोहित्र उलट बाजूने तोच दाब चढवते. ज्या तारेत काही नाही असे तो समजतो, तिच्यात ११,००० व्होल्ट येऊ शकतात. म्हणूनच वीजजाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याक्षणी स्वतःही बंद पडावा लागतो, आणि वीज कंपनी तपासणी करते.

तेव्हा मोजमाप, हिशेब, सावलीचा नकाशा ही कामे तुमची. जोडणी जाणत्या वायरमनची. तो आला, की त्याला तीन प्रश्न विचारा : डी.सी.चा खटका कोठे? अर्थिंग कोठे? बाहेरची वीज गेली, की काय होईल? उत्तरे नीट मिळेपर्यंत काम सुरू करू देऊ नका.