नेमबाज एकटा जिंकत नाही: पेंटबॉलविषयीचे काही गैरसमज

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड, कारंजा, मंगरूळपीरकडचे कितीतरी पोट्टे नोकरीसाठी पुण्याला जातात आणि कंपनीच्या सहलीत, लोणावळ्याच्या आसपास कुठेतरी, पहिल्यांदा पेंटबॉल खेळतात. तोंडावर मुखवटा, हातात मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, आणि डोक्यात सिनेमा. शिट्टी वाजली की सगळे एकदम पुढे धावतात आणि बघता बघता निम्मा संघ रंगून बाहेर बसतो. मग सुट्टीत गावी आल्यावर पारावर सांगतात, “काही नाही भाऊ, ज्याचा नेम पक्का तो जिंकतो.”

हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात चिवटही. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला वापरायची पिस्तुलं घेऊन बाराजण रानात शिरले. ठिकठिकाणी लावलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचं होतं. जिंकला रिची व्हाइट. जंगलातच काम करणारा माणूस. त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. आपल्यातल्या नेमबाजांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

नेमाला मर्यादा आहेच. ही गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग. साधारण १७ मिलिमीटर व्यासाची आणि तीनेक ग्रॅम वजनाची. जरा लांब गेली की ती वाऱ्याने भरकटते, खाली येते. आडोशामागून फक्त हात आणि मुखवटा दिसणाऱ्या माणसाला अशा गोळीने टिपणं बरंचसं नशिबावर असतं. मग जाणते खेळाडू एवढा रंग उधळतात तो कशाला? समोरच्याने डोकं वर काढू नये म्हणून. तो आडोशामागे दबून राहिला की तेवढ्या वेळात आपला दुसरा गडी पुढचा आडोसा गाठतो आणि बाजूने त्याला उघडा पाडतो. गोळ्या एकाच्या, गडी बाद दुसऱ्याच्या हातून.

इथे कबड्डी पाहिलेल्या वाशीमकराला फार समजवावं लागू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं, तो आपल्या विभागात गावोगावी रुजलेला आहे. कोपऱ्यातल्या गड्याने चढाई करणाऱ्याचा घोटा धरला की टाळ्या कोपऱ्याला मिळतात. पण कव्हरने अंगावर येऊन मध्यरेषेकडची वाट बंद केली नसती, तर तो पाय सुटलाच असता. हे जाणणारा वाशीमकर पेंटबॉलच्या मैदानावर मात्र कव्हरला विसरतो आणि सातही जण चढाईला निघावेत तसा निघतो.

दुसरा गैरसमज: मागे थांबतो तो भित्रा. त्यामुळे संघ करताना जो नवखा, जो जाडा, ज्याला पळायचा कंटाळा, त्याला मागे ढकलतात. मागच्या गड्याची कामं मोजा. पुढे जाणाऱ्याला आडोसा मिळेपर्यंत रंगाचा मारा चालू ठेवायचा, म्हणून सगळ्यात जास्त गोळ्या त्याच्याकडे. मैदान त्यालाच सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून समोरचे किती उरले, कोण कुठे सरकला, हे त्याने सांगायचं. मधल्याने ते पुढे पोचवायचं आणि पुढचा बाद झाला की त्याची जागा धरायची. पुढचा गडी चपळ आणि अंगाने लहान असला तर उत्तम, कारण त्याचे आडोसे बुटके असतात आणि तिथे सरपटावं लागतं. पण थंड डोक्याचा एकच माणूस संघात असेल, तर मी त्याला मागेच ठेवीन.

आणि ओरडायचं. जागा कळेल म्हणून नवखे तोंड मिटून बसतात. आपली जागा पहिल्याच गोळीला कळलेली असते. रिची व्हाइटला गप्प राहणं परवडलं, कारण त्या दिवशी प्रत्येकजण स्वतःपुरता खेळत होता. संघ झाला की आवाज हवा. सुरुवातीलाच आडोशांना सोपी नावं ठेवायची, म्हणजे “तिकडे, तिकडे” असं बोंबलत बसावं लागत नाही.

बोलण्याची घाई आणखी एका कारणाने. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. पेंटबॉलच्या बहुतेक प्रकारांत त्या डावापुरता खेळ संपतो. गोळी अंगावर फुटली की हात वर करायचा, बाहेर चालू पडायचं आणि जाता जाता एक शब्दही सांगायचा नाही. म्हणजे जे दिसलं ते बाद होण्याआधीच सांगून झालेलं हवं. गोळी न फुटता उडून गेली, तर मात्र बाद नाही. फुटलेला रंग गुपचूप पुसणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांना संघात घेऊ नये.

राहिला “रंगच तर आहे, लागून लागून काय लागणार” हा समज. गोळीच्या वेगाची नेहमीची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. अंगावर बसली तर वळ उठतो, डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली तर पंचाला हाक मारायची. काच तिथल्या तिथे वर करायची नाही, बाद झाल्यावर जाळीबाहेर पडेपर्यंतसुद्धा नाही.